सांधे वाजतात म्हणजे हाडे झिजली काय?

आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवते आणि आपल्या कानशिलांवर बोटे कडाकडा मोडते, तेव्हा तिची बोटे झिजली असे कोणी म्हणत नाही. उलट जितकी अधिक बोटे वाजली तितकी दृष्ट कडक होती, असे कौतुकाने सांगितले जाते. पण त्याच आजीचा गुडघा पायऱ्या चढताना वाजला, की घरात काळजी सुरू होते. “वंगण संपले,” “हाडे घासू लागली,” असे निदान शेजारीपाजारी परस्पर करून टाकतात. घरात एखादा जुना दुखणाईत असला तर ही काळजी दुप्पट होते. म्हणून या आवाजाचा अर्थ काय व तो कोठे शोधू नये, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम ध्यानात ठेवावयाचे ते हे, की आवाज हाडाचा नसतो, सांध्याचा असतो. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कुर्चेचे आवरण असते व त्यांच्यामध्ये अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा थोडा चिकट द्रव असतो. त्या द्रवात वायू विरघळलेला असतो. बोट ओढले की सांध्यातील पोकळी वाढते, दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी उत्पन्न होते आणि ‘कट्’ असा आवाज होतो. रोस्टन व हेन्स या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने याचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७१ साली लीड्स येथील संशोधकांनी आवाज बुडबुडा फुटल्याने होतो असे मत मांडले. २०१५ साली कॅनडात चुंबकीय चित्रणाने पाहिले तेव्हा तो पोकळी तयार होताना होतो असे दिसले. वाद बुडबुड्याचा आहे, हाड झिजण्याचा नाही. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटे थांबावे लागते, त्याचेही कारण हा वायूच होय.

अमेरिकेतील डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने पन्नास वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली व उजवा हात तसाच ठेवला. १९९८ साली त्याने लिहिले, की दोन्ही हातांपैकी कोणातही संधिवात नव्हता. एकाच माणसाचा हा प्रयोग असल्याने तो शेवटचा शब्द नव्हे. पण भीतीचे ओझे उतरविण्यास तो उपयोगी आहे. कित्येकदा हाडावरून स्नायूची दोरी सरकते, तिचाही आवाज होतो. उतारवयात कुर्चा खरखरीत झाली म्हणजे गुडघ्यात रेती चुरल्यासारखी करकर हाताला लागते. तीही दुखत नसेल तर केवळ तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

आता जुन्या आजाराकडे वळू. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंडाचे विकारी, संधिवाताचे रोगी, थायरॉइड वाढलेले, यांची हाडे ठिसूळ होऊ शकतात हे खरे आहे. परंतु ठिसूळपणाची गंमत अशी, की तो मुकाट्याने येतो. वाजत नाही, दुखत नाही. किरकोळ पडण्याने मनगट किंवा खुबा मोडतो, पाठीला बाक येतो, उंची कमी होते, तेव्हा कळते. म्हणजे वाजणाऱ्या गुडघ्याला जपत बसावे आणि न वाजणारे हाड पोखरले जावे, असा उलटा प्रकार घडतो. त्याची पारख हाडांच्या घनतेच्या तपासणीने होते, कानाने होत नाही.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाला व लगतच्या विदर्भाला आणखी एका आजाराची ओळख हवी. तो म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील या रक्तदोषाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या सांध्यातील हाडाच्या गोलाला रक्त पोहोचले नाही, तर तो भाग मरू लागतो व पुढे खचतो. तरुण मुलगा जांघेत दुखते म्हणतो, लंगडतो, मांडी घालून बसता येत नाही. घरचे त्याला वात म्हणून तेल चोळतात. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, म्हणून दुखणे टिकल्यास चुंबकीय चित्रणाबद्दल डॉक्टरांना विचारावे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक असतो; म्हणून लग्नापूर्वी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे आहे. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली.

मग डॉक्टरांकडे केव्हा जावे? आवाजाबरोबर वेदना असेल, सांधा सुजला, तापला, अडकला किंवा पाय अचानक लचकू लागला तर जावे. सांध्याबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी जावे. जुना आजारी लंगडू लागला, तर आवाज असो वा नसो, थांबू नये.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. हाडे झिजतील या भीतीने चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. त्याने जिवावर बेतू शकते. मात्रा कमी करणे डॉक्टरांचे काम आहे. दुसरे, बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. दोन दिवसांत गुडघा मोकळा करणाऱ्या अशा पुडीत पुष्कळदा तेच स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि मग दुखणे थांबते पण हाड पोखरते. मूत्रपिंडाच्या रोग्याने कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. इतरांनी दूध, दही, तीळ, हिरव्या भाज्या, सकाळचे ऊन आणि रोजचे चालणे यांत कसूर करू नये. सांधा न हलविल्याने सुधारत नाही. हालचालीनेच त्याचे पोषण होते.

तेव्हा आजीने बोटे खुशाल मोडावीत. कान त्या आवाजाकडे न देता, घरातील आजाऱ्याच्या चालण्याकडे डोळे ठेवावेत. जे वाजते त्याहून जे मुकाट्याने दुखते, त्याची विचारपूस अगोदर व्हावी.