दाताची खुर्ची आणि छातीतला पेसमेकर

आमच्या शेजारच्या एक निवृत्त बाई दाढ ठणकत असताना दोन महिने लवंगेच्या तेलावर दिवस काढत होत्या. कारण विचारले तर म्हणाल्या, "छातीत पेसमेकर आहे. दाताच्या डॉक्टरांचं यंत्र लागलं आणि तो बंद पडला तर?" तोवर गाल सुजला होता. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती; पण भ्यायचे नेमके कशाला, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पेसमेकर नुसता ठोके देत नाही, तो ऐकतोही. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयाच्या स्नायूत काही मिलिव्होल्टचा विद्युतसंदेश उमटतो. पेसमेकर तो तारेतून टिपतो. वेळेत संदेश आला तर गप्प राहतो. नाही आला तर स्वतः छोटासा विद्युतस्पंद देतो. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवलेला पहिला पेसमेकर असा ऐकणारा नव्हता, आणि तो काही तासच चालला. (लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक पेसमेकर वापरून २००१पर्यंत जगले!)

खरी मेख या ऐकण्यातच आहे. वर्गात एक ट्रान्झिस्टर आणा, मीडियम वेव्हवर लावा आणि शेजारी मिक्सर सुरू करा. खरखर ऐकू येईल. रेडिओ हळूहळू दूर न्या. खरखर कमी होत जाईल. अशीच 'खरखर' तारेत शिरली तर पेसमेकर तिलाच हृदयाचा संदेश समजून गप्प बसू शकतो. ज्यांचे हृदय पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून आहे त्यांना अशा वेळी घेरी येईल. म्हणून आजच्या पेसमेकरला टायटॅनियमचे कवच आणि गोंगाट गाळणारी मंडले असतात. गोंगाट फारच झाला तर बहुतेक पेसमेकर ऐकणे सोडून ठराविक गतीने ठोके देऊ लागतात.

आता दवाखान्यातली उपकरणे पाहू. दात कोरण्याचे यंत्र आणि क्ष-किरण फोटो यांची सहसा चिंता नाही. दातांवरचे कीटण काढणारी श्राव्यातीत यंत्रे दोन प्रकारची असतात. एकात स्फटिकाला विद्युतदाब देऊन तो थरथरवतात. दुसऱ्यात निकेलच्या पट्ट्यांभोवती तारेचे वेटोळे असते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात निकेल आखडते, सैल होते, सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा. हे दुसरे यंत्र काही प्रयोगांत पेसमेकरला चकवताना आढळले. रुग्णांवरील पुढच्या पाहण्यांत मात्र विशेष धोका दिसला नाही. तरीही पहिला प्रकार वापरावा, नाहीतर यंत्र पेसमेकरपासून निदान वीतभर दूर ठेवावे आणि त्याची वायर छातीवरून नेऊ नये. हिरडी कापण्यासाठी वापरतात ते विद्युत-दाहक उपकरण मात्र खरोखर जपून वापरण्याचे. त्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे.

केवळ पेसमेकर आहे म्हणून उपचाराआधी प्रतिजैविके घ्यावी लागत नाहीत. हृदयाची झडप बदललेली असेल तर गोष्ट वेगळी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्याचा धोका यंत्रांपेक्षा मोठा आहे. पेसमेकर नुकताच बसवला असेल, तर तातडीचे नसलेले काम काही आठवडे पुढे ढकलतात.

बाईंना आम्ही एवढेच सांगितले, की पेसमेकरबरोबर मिळालेले ओळखपत्र आणि गोळ्यांची यादी पर्समध्ये घाला आणि खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. दाढ दुसऱ्याच दिवशी निघाली.