मोहरीच्या फुलातला एक थर

थाटीपुरातून मुरारमार्गे ग्वाल्हेरबाहेर पडलं की थंडीच्या दिवसांत मोहरी फुललेली दिसते. तिचं एक फूल उलगडून पाहिलं तर चार पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर असतात, चार उंच आणि दोन आखूड. पुंकेसराच्या टोकाला परागकोश. त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वाढत्या परागकणांना वेढून त्यांना पोसणारा पेशींचा एक थर दिसतो, टॅपेटम. या थरातल्या आणि त्याच झाडाच्या मुळातल्या पेशीत डीएनए एकच असतो, तरी एक पेशी पराग पोसते आणि दुसरी माती चाचपते. प्रत्येक जनुकाच्या आधी प्रमोटर नावाचा डीएनएचा तुकडा असतो. त्याला धरणारी प्रथिनं ज्या पेशीत असतील तिथेच त्या जनुकाची आरएनए प्रत निघते. म्हणून एखादं जनुक झाडात आहे एवढं कळून फारसं काही कळत नाही. ते कुठे आणि केव्हा वाचलं जातं, हे विचारावं लागतं.

याचा सर्वांत कठोर पुरावा विषानेच दिला आहे. तंबाखूत टीए २९ नावाचं जनुक फक्त टॅपेटममध्ये वाचलं जातं. १९९० मध्ये संशोधकांनी त्याचा प्रमोटर एका जिवाणूच्या बार्नेझ या जनुकाला जोडला. बार्नेझ आरएनए कापतं. ते ज्या पेशीत तयार होईल ती मरते. ही जोडणी घातलेल्या झाडांत टॅपेटम नष्ट झाला, पराग तयार झाला नाही, बाकी झाड मात्र धडधाकट वाढलं. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने संकरित वाण बनवण्यासाठी हेच तंत्र मोहरीत आणलं. 'वरुणा' वाणात बार्नेझ घातलं, तर दुसऱ्या पालकवाणात बार्स्टार, म्हणजे बार्नेझला घट्ट धरून निष्प्रभ करणारं प्रथिन बनवणारं जनुक. दोघांच्या संकरातून निघालेल्या डीएमएच-११ या वाणात पराग पुन्हा तयार होतो.

मग विष तेलात उतरेल का? बार्नेझचं जनुक दाण्यातही असतं, हे खरं. पण तिथे ते वाचलं गेलं असतं तर वाढता दाणा जगलाच नसता. यावर हरकत अशी की प्रमोटर गळतो, आणि ही हरकत पोकळ नाही. शेजारी जोरकस प्रमोटर असला की नको त्या पेशीतही जनुक थोडंफार वाचलं जातं. पेंटल यांच्या गटाला ही अडचण मोहरीत आली आणि त्यांनी बार्नेझ आणि शेजारचं जनुक यांच्यामध्ये डीएनएचा निव्वळ अंतर राखणारा तुकडा घातला. त्यानंतर चांगली झाडं कितीतरी जास्त प्रमाणात मिळाली. म्हणजे नियंत्रण केवळ प्रमोटरवर नाही, शेजारावरही अवलंबून असतं. पण बार्नेझची गळती आपली चुगली आपणच करते, कारण तिची पहिली शिकार ते झाडच होतं.

तो जोरकस शेजारी म्हणजे बार या जनुकाचा प्रमोटर, फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेला. तो जवळपास प्रत्येक पेशीत चालू असतो. बारमुळे झाड ग्लुफोसिनेट हे तणनाशक सोसतं. बियाणं तयार करताना याची गरज पडते, कारण बार्नेझमुळे वंध्य झालेल्या झाडांच्या संततीत निम्मी झाडं परागक्षम निघतात आणि ती फवारून काढावी लागतात. माझ्या मते डीएमएच-११ वरचा वाद बार्नेझभोवती फिरतो ही चूक आहे. तो बारभोवती फिरायला हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने या वाणाची शिफारस केली, तेव्हा शेतकऱ्याच्या शेतात हे तणनाशक वापरू नये अशी अट घातली. या मंजुरीवरून २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. पण तणनाशकाची ती अट कागदावर आहे, आणि बार शेतातल्या प्रत्येक हिरव्या पानात वाचलं जातं. तणनाशक स्वस्त पडलं तर शेतकरी फवारेल, आणि खुरपणीवर पोट असलेल्या बायांचा रोजगार जाईल. टॅपेटमच्या एका थरापुरतं जनुक बांधून दाखवणाऱ्या विज्ञानाकडे मागायचं तर हे मागावं: बियाण्याच्या प्लॉटबाहेर बार गप्प राहील असा बंदोबस्त झाडातच करा.