घरगुती धंद्याचा एक कागद

गेल्या श्रावणात आमच्या सूनबाईने थालीपीठाच्या भाजणीचा लहानसा धंदा आरंभिण्याचा मनोदय बोलून दाखविला. मी उभा जन्म शाळेत काढलेला. साहजिकच हिशेब मजकडे आला. किलोमागे धान्य ११० रुपये, गॅस व दळण २५, पिशवी १०, एकूण १४५. "१६० रुपयांस विकावी, १५ रुपये निव्वळ नफा!" असे मी मोठ्या समाधानाने जाहीर केले.

सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, दहा किलोंना निवडणे, भाजणे, दळून आणणे, भरणे यांत माझे आठ तास जातात. ते कोठे लिहिलेत?"

ते मी लिहिलेच नव्हते! दहा किलोंचा नफा १५० रुपये. म्हणजे तिच्या एका तासाचे मोल १९ रुपयेही नव्हे. खडूची किंमत धरावी आणि गुरुजींचे वेतन विसरावे, तसाच हा प्रकार. घरच्या बाईचे श्रम फुकटचे, ही समजूत आपल्या एकत्र कुटुंबांत किती खोल रुजली आहे, हे त्या दिवशी मला उमगले.

या संदर्भात 'लिज्जत' पापडाचा इतिहास मननीय आहे. १९५९ सालच्या १५ मार्च रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीचा माल अवघी चार पाकिटे. त्या वर्षी पावसामुळे वाळवण अशक्य होऊन चार महिने काम थांबले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली, आणि अडचण मिटली. आरंभ बेताचा, अडचणीवरील उपायही बेताचा. त्याहून महत्त्वाचे हे की, तेथे लाटणाऱ्या भगिनीस लाटण्याबद्दल 'वणाई' मिळते. तिचे श्रम हिशेबात आहेत.

मग आम्ही एकाच कागदावर चार प्रश्न मांडले.

पहिला : माल घेणार कोण? 'सर्वजण' हे उत्तर नव्हे. घरांची नावे लिहावी. आम्ही पंधरा लिहिली.

दुसरा : श्रमांसह खरा खर्च किती? तासास ६० रुपये धरता किलोमागे ४८, एकूण १९३. विक्रीचा दर २२० ठरला.

तिसरा : भांडवल केव्हा सुटेल? मोठी कढई व वजनकाटा यांस २,७०० रुपये. किलोमागे २७ उरतात, म्हणजे शंभर किलो विकल्यावर.

चौथा : किती तोटा झाल्यास थांबावयाचे? आम्ही ५,००० रुपयांवर रेघ ओढली. ही रेघ आरंभीच ओढावी. पुढे भीड आणि आशा हात धरतात.

खाद्यपदार्थ विकावयाचे तर कायद्याने नोंदणीही लागते. ती प्रथमच उरकावी.

संस्कृतात 'योगक्षेम' असा सुंदर जोडशब्द आहे. न मिळालेले मिळविणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. नवा धंदा करणारा योगाची स्वप्ने पाहतो; क्षेमाची काळजी मात्र कागदच वाहतो.

पंधरांपैकी नऊ घरांनी भाजणी घेतली, सहांनी पुन्हा मागविली. काहींस दर महाग वाटला, ते गेले. तथापि महिनाअखेर श्रमांचे पैसे सूनबाईच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले, आणि साठी उलटल्यावर हा मास्तर हिशेबाचा एक धडा नव्याने शिकला.