भातखाचरातील पिवळा बेडूक

मृगाचा पाऊस दमदार पडून कोकणातील खाचरांत पाणी साचले की, एका रात्रीत तेथे पिवळेधमक बेडूक जमलेले दिसतात. ते पावसाबरोबर आभाळातून पडले किंवा ते विषारी आहेत, अशी समजूत मुलांच्या मनात असल्यास शिक्षकांनी ती प्रथम दूर करावी. हा बेडूक वर्षभर तेथेच राहणारा असून एरवी तो हिरवट-तपकिरी दिसतो. शास्त्रज्ञ त्यास होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. उन्हाळ्यात तो ओलसर मातीत व बिळांत दडून बसतो. पिवळा रंग केवळ नरास, आणि तोही विणीच्या दिवसांपुरता येतो. ओरडताना नराच्या घशाच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे फुगतात. मादी ओरडत नाही.

पाठ्यपुस्तकांत बेडकास शेतकऱ्याचा मित्र म्हटलेले असते. ते खरे असले तरी अपुरे आहे. हा मोठा खादाड प्राणी किडे, नाकतोडे, खेकडे, उंदराची पिले, इतकेच नव्हे तर लहान बेडूकही गिळतो. त्याचे बेडूकमासे देखील इतर बेडूकमाशांना खातात. पिकावरील किडीचा फडशा पडतो तो या खादाडपणामुळे. मैत्रीचा भाव त्यात नाही.

या बेडकावरील खरे संकट त्याच्या आवाजातूनच ओढवते. वीण मुख्यतः पहिल्या पावसाच्या थोड्या रात्रींत उरकते, आणि नेमक्या त्याच रात्री आवाजाच्या रोखाने माणसे बत्ती घेऊन शिकारीस निघतात. तेव्हा मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती मारली गेली म्हणजे पुढील पिढीच नाहीशी होते. एके काळी या बेडकांच्या तंगड्या भारतातून परदेशी जात. ती निर्यात १९८७ साली बंद करण्यात आली. खाण्यासाठी चोरून होणारी शिकार मात्र थांबलेली नाही. शिवाय बेडूक त्वचेवाटेही श्वास घेतो व पाणी शोषतो, त्यामुळे खाचरात फवारलेले कीटकनाशक त्याच्या अंगात सहज भिनते.

निरीक्षणासाठी बेडूक पकडून बाटलीत घालण्याचे कारण नाही. शाळेजवळच्या डबक्यातील बेडूकमासे काठावरूनच दर दोन-तीन दिवसांनी मुलांस दाखवावेत. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट शेवटी आखडत जाते. हा क्रम मुलांनी वहीत तारखेसह चित्रे काढून नोंदवावा.