जांभळाची बरणी

वसईतल्या ईस्ट इंडियन स्वयंपाकघरात बिअरची बाटली दिसली, म्हणून तिच्यात बिअर असेलच असं नाही. मिरची, हळद, धणे, तीळ, खसखस असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हाळ्यात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि ती पूड गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायची, ही इथली वर्षाची बेगमी. तिचं नावच बॉटल मसाला. तपकिरी काच उजेड अडवते आणि मिरचीचा रंग राखते.

रंगाची अशीच काळजी घेणारी आणखी एक गोष्ट याच घरांत बनत आली आहे. तोंडाला दादरा बांधलेली चिनीमातीची बरणी, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली. आत जांभळं, साखर, पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू. बोलताना सगळे तिला वाइन म्हणतात. पण त्या मूठभर गव्हाकडे पाहिलं, की बिअरच्या घराण्याशी तिचं कुठेतरी नातं लागतं असं वाटतं. ते किती खरं, ते पुढे पाहू.

वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथली गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पण घरातली बोली मराठीचीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यामानाने अलीकडचं. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सांगण्यासाठी ते घेतलं गेलं, आणि 1887 मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झालं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात कुपारी, वाडवळ, कोळी अशा समाजांचे ख्रिस्ती लोक शेजारी-शेजारी राहतात. प्रत्येकाची बोली वेगळी, लुगड्याची तऱ्हा वेगळी. नाताळच्या वाइनचा पेला मात्र बहुतेकांच्या ओळखीचा.

आंबवण्याची विद्या या किनाऱ्याला नवी नव्हती. नारळाची माडी आणि ताडाची ताडी इथे भंडाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवली. पहाटे गोड असलेला रस ऊन चढेपर्यंत आपोआप फसफसू लागतो, कारण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट त्यात आयतं उतरतं. लग्नाच्या जेवणातले फुगे, म्हणजे तळलेले पावासारखे गोळे, याच ताडीवर फुगायचे. दुकानात यीस्टची पाकिटं मिळू लागली त्याच्या कितीतरी आधीपासून वसईच्या बायकांना फेस ओळखता येत होता. ताडीला रंग नसतो, ती दुधट पांढरी. रंग पाहिजे तर फळाकडे जावं लागतं.

जांभळं जूनच्या तोंडावर येतात. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि त्यापलीकडचे आदिवासी पाडे. तिथल्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन स्टेशनाबाहेर येऊन बसतात. जांभळाचं लाकूड ठिसूळ, फांदी कधी मोडेल याचा नेम नाही, त्यामुळे टोपलीतलं प्रत्येक फळ जोखमीने खाली आलेलं असतं. बरणीसाठी घ्यायची ती पिकून काळी झालेली, पण न फुटलेली. घरी आणून धुवायची, कोरडी करायची, हाताने कुस्करून बिया काढायच्या. बी भरडली गेली तर नको तितका तुरटपणा उतरतो.

घराघराचं प्रमाण वेगळं, पण ढोबळमानाने एक किलो फळाला एक किलो साखर आणि चार लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात चमचाभर यीस्ट, मूठभर गहू, थोड्या काळ्या मनुका, चवीला दालचिनीचा तुकडा. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, नाहीतर फेस उतू जातो. पहिले 21 दिवस रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने ढवळायचं. फळाची सालं वायूबरोबर वर येऊन थर धरतात, तो थर मोडून खाली दाबला नाही तर वरच्या वर बुरशी धरते. शिवाय रंग सालीतच असतो. साल रसात बुडलेली राहिली तरच तो सुटतो. एकविसाव्या दिवशी मलमलीतून गाळायचं, साका बसू द्यायचा, वरचं निवळ अलगद निथळून घ्यायचं आणि पुन्हा बसू द्यायचं. काही घरांत निवळ करायला अंड्याचा पांढरा बलक फेटून घालतात. गढूळपणा त्याला चिकटून तळाशी जातो.

या सगळ्यात तो गहू काय करतो? बिअर बनते धान्यातल्या पिठुळ भागापासून, पण यीस्टला पीठ खाता येत नाही, साखरच लागते. म्हणून जवाला आधी मोड आणतात आणि वाळवतात. मोड येताना दाण्यात जे पाचक रस तयार होतात, ते पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतात. बरणीतला गहू मोडाविना जातो, त्यामुळे त्याच्यातून मद्य जवळजवळ निघत नाही. तो यीस्टला थोडं पोषण आणि पेयाला थोडा दाटपणा देतो. थोडक्यात, नातं आहे, पण लांबचं.

आता मुख्य गोष्ट. फळ घालतात रंगासाठी आणि चवीसाठी, पण फळाची जी चव आपल्या जिभेवर असते ती मुख्यतः साखरेची. यीस्ट आधी तीच संपवतं. लिटरमध्ये साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्य होतं. वरच्या प्रमाणात लिटरमागे 250 ग्रॅम साखर पडते, म्हणजे हिशेबाने चौदा टक्क्यांच्या वर. तिथवर जाता-जाता यीस्ट दमतं, उरलेली साखर तशीच राहते आणि नाताळच्या पेल्याला तो ओळखीचा गोडवा येतो. फळ घातलेली बिअर पाचेक टक्क्यांची. तिथे यीस्ट थकत नाही, फळातली साखर ते पुरती फस्त करतं. मग फळातलं उरतं काय? आंबटपणा, तुरटपणा, थोडा वास आणि रंग. फळाची निवड करायची ती या उरणाऱ्या गोष्टी बघून.

या कसोटीवर जांभूळ पहिल्या नंबरात येतं. खाल्ल्यावर जीभ जांभळी करणारी आणि घसा धरणारी दोन्ही द्रव्यं मद्यात टिकतात. त्याच्या रंगाचं नाव अँथोसायनिन. हा रंग आंबटात लालसर खुलतो आणि आंबटपणा कमी झाला की निळसर, मळकट होतो. म्हणून काही जण बरणीत लिंबू पिळतात, ते चवीइतकंच रंगासाठी. करवंद आणि कोकम याच जातकुळीतले. बिटाचा रंग वेगळ्या द्रव्याचा, बेटालेनचा. तो सुरुवातीला भडक दिसतो, पण ताप आणि उजेड त्याला सोसत नाही. बिटाची वाइन उन्हाच्या खिडकीत ठेवली तर तिची रया जाते. अननसाचा वास पुष्कळ, रंग थोडा. हापूस सर्वांत फसवा. त्याचं सगळं मोठेपण गोडव्यावर उभं, गोडवा गेला की फिका पडतो. कशानेच रंग जमला नाही, तर साखर तांबूस होईपर्यंत जाळून घालायची, ही जुनी युक्ती आहेच. तो रंग सुंदर दिसतो, पण फळाचा नसतो.

आणि केळं? वसईची ओळखच केळ्यांची, इथली सुकेळी प्रसिद्ध. गंमत अशी, की बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो आणि तिच्यात केळं औषधालाही नसतं. तो वास त्या जातीचं यीस्टच तयार करतं. त्याच बव्हेरियात 1516 च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाण्याखेरीज काही घालायला मनाई केली होती. बेल्जियमने अगदी उलट वाट धरली. तिथल्या आंबट लॅम्बिक बिअरमध्ये लिटरमागे 200 ग्रॅमच्या आसपास चेरी घालून महिनोन्‌महिने मुरवतात, तिला क्रिक म्हणतात. मुरून तयार झालेली क्रिक माणकासारखी लाल आणि जवळजवळ बिनगोड असते. जांभळाच्या बरणीची ती दूरची बहीण शोभेल.

बिअरवाल्यांनी फळ घालण्याची वेळही शोधून काढली. फळ धान्याच्या उकळत्या रसात टाकलं तर वास वाफेबरोबर जातो आणि पेक्टिनमुळे पेय धुरकट होतं. पहिल्याच दिवशी घातलं तर जोरात सुटणारा वायू सुवास घेऊन जातो. म्हणून मुख्य आंबवण ओसरल्यावर फळ घालतात. तोवर मद्य तयार झालेलं असतं, ते सालीतला रंग नीट ओढून घेतं आणि नको त्या जंतूंनाही थोडा आवर घालतं. फळ आधी गोठवून घेतलं तर पेशी फुटतात आणि रस लवकर सुटतो. पण नव्या फळाबरोबर नवी साखर येते, आंबवण पुन्हा उसळतं. ते शांत होण्याआधी बाटली बंद केली, तर आतला वायू काच फोडतो. घरगुती वाइनच्या बाटल्या रात्री फुटल्याचे किस्से वसईला नवीन नाहीत. दुसरा शत्रू हवा. बाटली अर्धी रिकामी ठेवली, की वाइनचा शिरका होतो. तो शिरका इंदियालला, म्हणजे विंदालूसारख्या आंबट-तिखट कालवणाला चालतो, पाहुण्याला चालत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा परवान्याविना मद्य बनवू देत नाही, स्वतःच्या घरापुरतं असलं तरीही. म्हणून ही विद्या हळूहळू उघड्यावर परवान्याने येते आहे, आणि त्यात पालघर जिल्हा मागे नाही. डहाणू तालुक्यात बोर्डीला हिल झिल वायनरीत चिकूची वाइन बनते. चिकू म्हणजे मघाच्या कसोटीवरचं अवघड फळ, गोडवा भरपूर आणि आंबटपणा नाममात्र. त्याच पट्ट्यातल्या घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जांभळाचाही मान झाला. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला 2023 मध्ये तेच मानांकन मिळालं. फळ, हुन्नर आणि कायदेशीर वाट, तिन्ही आता एकाच जिल्ह्यात आहेत.

इतकं असूनही बाजारातल्या पुष्कळशा ‘फ्रूट’ पेयांत फळ शोधावं लागतं. तिथे बाटलीत उतरतो तो तयार अर्क आणि तयार रंग. अर्क गोड वासाचा असतो, पण घसा धरत नाही. वसईच्या बरणीचा धडा याच्या नेमका उलट आहे. फळातलं गोड निघून गेल्यावर जे उरतं, तेच त्याचं खरं रूप, आणि ते उरायला वेळ लागतो. जूनमध्ये भरलेली बरणी जुलैत गाळली जाते, पण नाताळपर्यंत तिला कोणी हात लावत नाही.