गोड वासाचे पिंप

मागच्या आठवड्यात गोदामात हमाली करणारा एक तरुण दवाखान्यात आला. डोळे लालभडक, घशात आग, सारखा खोकला. पिंपे उतरवताना एकाचे झाकण सैल निघाले आणि माल सांडला. "डॉक्टरसाहेब, फेव्हिकॉलचाच माल आहे, काही होत नाही, असं सगळे म्हणाले. वासही गोडसर होता." शहाणपणाने त्याने पिंपावरच्या लेबलाचा तुकडा खिशातून आणला होता. त्यावर नाव होते, व्हिनाईल ॲसिटेट.

डोळे धुऊन, औषध देऊन त्याला बरे वाटले. पण निघताना तो म्हणाला, "रिकामं झालं की ते पिंप मला मिळणार आहे. घरी पाणी भरायला होईल." म्हणून आजचा हा विषय.

व्हिनाईल ॲसिटेट हा पाण्यासारखा रंगहीन द्रव. जर्मनीतील फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये तो शोधला. याचे कण म्हणजे सुटे मणी समजा. ते एकमेकांत ओवले की पॉलिव्हिनाईल ॲसिटेट बनते, म्हणजे सुतारकामाचा पांढरा डिंक. त्यावर पुढची प्रक्रिया केली की पॉलिव्हिनाईल अल्कोहोल मिळते. आपल्या भिवंडीत सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला जी खळ देतात, तिच्यात ते स्टार्चबरोबर वापरतात. इथिलीनबरोबर ओवले तर 'ईव्हीए' तयार होते, ज्याचे हलके तळ आपल्या चपलांना असतात.

ओवलेली माळ सहसा त्रास देत नाही. मुलाच्या बोटाला डिंक लागला तर घाबरू नका, धुऊन टाका. यंत्रमागावरच्या कामगाराच्या जुन्या खोकल्यालाही खळीपेक्षा कापसाची धूळ अधिक जबाबदार असते.

सुट्या मण्यांची गोष्ट वेगळी. त्यांची वाफ डोळे, नाक, घसा जाळते. शरीरात त्यापासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. दारू पचतानाही हेच द्रव्य बनते. वाफ दीर्घकाळ हुंगवलेल्या उंदरांच्या नाकात गाठी आढळल्या. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या' गटात घातले. एकदा वास आला म्हणून कर्करोग होत नाही. पण रोज वास घेणे बरे नव्हे.

आगीचा धोका त्याहून मोठा. शून्याखाली ८ अंशांनाही याची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत दूरच्या विडीपर्यंत पोचते. रिकाम्या पिंपात तर वाफच भरलेली असते. ते गॅसकटरने कापणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

तेव्हा लक्षात ठेवा :

१. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा.
२. अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब काढा, साबणाने अंग धुवा.
३. वाफेने गुदमरल्यास रोग्याला मोकळ्या हवेत आणा. धाप लागली तर १०८ वर फोन करा.
४. पोटात गेल्यास उलटी करवू नका.
५. डॉक्टरकडे येताना लेबलावरचे नाव लिहून आणा.
६. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नका.

त्या तरुणाला मी बाजारातून पाण्याचे नवे पिंप घ्यायला सांगितले. "महाग पडतं," तो म्हणाला. त्याचे खोटे नाही. पण गोदाममालकांनो, तुमचे रिकामे पिंप कुणाच्या घरात पाणी भरायला जाणार असेल, तर ते देऊ नका. एवढे तरी आपण करू शकतो.