जुन्या तबकड्यांची पारख

मंडळी, बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस मालकाच्या बोलण्यावर विसंबत नाही. बैलाचं तोंड उघडून दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच किमतीचं बोलतो. गाण्याच्या जुन्या तबकड्यांची पारखही अशीच करायची असते. अडचण एवढीच, की तबकडी पुष्कळदा टपालानं विकली जाते. माल तुमच्या माळ्यावर आणि गिऱ्हाईक दूर शहरात. त्याला ना बघता येत, ना वाजवता येत. तुम्ही कागदावर जे लिहाल तेवढाच त्याचा आधार. म्हणून या व्यवहारात तबकडीची स्थिती सांगायच्या ठराविक पायऱ्या पडून गेल्या आहेत. त्या माहीत असल्या तर विकणारा नागवला जात नाही आणि घेणाराही फसत नाही.

कोणी म्हणेल, या प्लेटा आता घेतो कोण? घेतात, आणि हौसेनं घेतात. आपल्याकडे गाण्यांचं ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. तेव्हापासूनची नाट्यपदं, भजनं, लावण्या, भाषणं या तबकड्यांवर आहेत. त्यांतली कित्येक दुसरीकडे कुठंच सापडत नाहीत. अशा तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था मुंबईत १९९० साली निघाली. तेव्हा माळ्यावरचा गठ्ठा भंगारात किलोवर घालण्याआधी जरा थांबा.

पहिली गोष्ट, तबकडी कोणत्या जातीची ते ओळखा. जड, जाड, पडली की मडक्यासारखी फुटणारी आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ती लाखेची. हो, तीच लाख, जी पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करतात. तिच्यात दगडाची भुकटी, काजळी वगैरे मिसळून ही तबकडी बनत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचं गाणं मावतं. दुसरी जात व्हायनिलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. ती हलकी असते, किंचित वाकते आणि बहुधा मिनिटाला ३३ किंवा ४५ फेरे घेते. मोठी लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ साली बाजारात आली, ती याच जातीची.

आता पायऱ्या बघू. व्हायनिलच्या तबकड्यांसाठी अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ मासिकाची प्रतवारी जगभर चालते. सर्वांत वर ‘मिंट’, म्हणजे कधीच न वाजलेली, सर्वार्थानं निर्दोष. ही पदवी फार जपून द्यायची. तिच्याखाली ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवी. पुष्कळ जाणते विक्रेते याच्यावर चढतच नाहीत. मग ‘व्हेरी गुड प्लस’: वापरलेली, पण जपून वापरलेली, बारीक ओरखडे दिसतात, ऐकताना जाणवत नाहीत. मग ‘व्हेरी गुड’: हळू आवाजाच्या जागी खरखर ऐकू येते, काही ओरखडे नखाला लागतात, पण गाणं झाकलं जात नाही. मग ‘गुड’. शेवटी ‘फेअर’ आणि ‘पुअर’: तडा गेलेली, पार वाकलेली, सुई अडकणारी.

गुरुजी, इथं एक गंमत ध्यानात घ्या. प्रगतिपुस्तकावर ‘गुड’ लिहिलं की पोराचे आईबाप खूश होतात. तबकडीवर ‘गुड’ लिहिलं की समजायचं, सुई न अडकता शेवटपर्यंत जाते खरी, पण खरखर भरपूर आहे. ‘चांगली आहे’ अशा भाबड्या समजुतीनं कोणी ‘गुड’ तबकडी घेतली, तर दोष प्रतवारीचा नाही, शब्द न समजल्याचा. आणि हा फरक पैशांत मोठा आहे. त्याच मासिकाच्या ढोबळ हिशेबानं ‘निअर मिंट’ची किंमत शंभर रुपये धरली, तर ‘व्हेरी गुड प्लस’ला पन्नास, ‘व्हेरी गुड’ला पंचवीस आणि ‘गुड’ला दहा-पंधरा.

मग तपासायचं कसं? हात धुऊन, कोरडे करून तबकडी कडांनी धरा. मधल्या काळ्या भागाला बोट लावू नका. खिडकीच्या उजेडात तिरपी करून हळूहळू फिरवा. एका बाजूवर एकच खाच असते, नांगराच्या तासासारखी, गोल गोल आत जाणारी. ती काळी चकाकत असली तर ठीक. राखाडी पडली असेल तर सुईनं ती झिजवली आहे, आणि ही झीज कशानंही भरून येत नाही. मग मधलं भोक बघा. त्याच्याभोवती लेबलावर बारीक चरे दिसले तर तबकडी पुष्कळदा चढवली-उतरवली गेली आहे. नंतर यंत्रावर ठेवून डोळा पातळीवर आणून बघा. वाकडी असेल तर वरखाली हलताना दिसेल. दोन्ही बाजू तपासा आणि जमलं तर वाजवून बघा, कारण डोळ्याला दिसतं ते सगळं कानाला ऐकू येतंच असं नाही, आणि उलटंही खरं.

लाखेच्या तबकडीला आणखी एक तपासणी लागते. तिच्या कडेपासून आत गेलेली केसाएवढी चीर शोधा. चीर असली तर दर फेऱ्याला एक ठोका वाजतो, म्हणजे मिनिटाला ७८ ठोके. कडेचा टवका उडाला असेल, तर तो खाचेपर्यंत पोचला आहे की नाही तेही लिहा. या तबकड्या पोलादी सुयांनी आणि जड यंत्रांवर वाजलेल्या. त्या पूर्ण कोऱ्या क्वचितच मिळतात.

वेष्टनाची प्रत वेगळी लिहायची. कड फाटली आहे का, पुठ्ठ्यावर तबकडीचा गोल उमटला आहे का, कोणी शाईनं नाव घातलं आहे का, हे सगळं सांगा.

दोन गोष्टी मात्र कधी करू नका. लाखेची तबकडी स्पिरिटनं पुसू नका. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, हे आपण पाहतोच. तबकडीचंही तेच होईल. आणि लाँग प्ले तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर लावू नका. तिची खाच बारीक असते. ती जड सुई एका खेपेत तिची वाट लावते.

प्रत आणि मोल या दोन गोष्टी मात्र एकच समजू नका. हजारोंनी खपलेल्या सिनेमाच्या गाण्याची चकचकीत तबकडी थोड्या पैशांत मिळते, आणि एखाद्या विसरल्या गेलेल्या गायिकेची झिजलेली तबकडी जमवणाऱ्याला सोन्यासारखी वाटते. तेव्हा प्रत खालची आली म्हणून काही फेकू नका. लेबलावरचं नाव, कंपनी आणि क्रमांक उतरवून घ्या, प्रत खरी लिहा, आणि जाणत्याला विचारा. दोन प्रतींच्या मध्ये घोटाळला असाल, तर खालची लिहा. अपेक्षेपेक्षा बरा माल हाती आला, तर गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येतं.